वळण घेताना पुढच्या चाकातून घासल्यासारखा आवाज: अ‍ॅक्सल, रॅक की बेअरिंग?

इंदिरानगरकर
नमस्कार. माझ्याकडे २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक असून ती सुमारे ९० हजार किलोमीटर चालली आहे. पावसाळा संपल्यापासून वळण घेताना पुढच्या बाजूने घासल्यासारखी घरघर ऐकू येते. शहरात, सरळ रस्त्यावर ती जवळजवळ जाणवत नाही. मात्र नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना डावीकडच्या प्रत्येक वळणावर आवाज वाढतो आणि गाडी उजवीकडे वळू लागली की तो विरतो. एका गॅरेजमध्ये दाखवले असता गाडी उचलूनही न पाहता दोन्ही अ‍ॅक्सल (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांपर्यंत नेणारे दांडे) आणि स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर चाके वळवणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्च मोठा असल्यामुळे, तो करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसे पडताळावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

अंबडचा फिटर
ताई, रॅकचा विचार तूर्त बाजूला ठेवा. रॅक खराब झाला की बहुधा खड्ड्यांवर खडखड होते किंवा स्टेअरिंगमध्ये ढिलाई येते. वळणाच्या दिशेनुसार कमीजास्त होणारी घरघर हे त्याचे लक्षण नव्हे. अ‍ॅक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा वळता सांधा, गेला असेल, तर स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ‘कट कट कट’ असा तुटक आवाज येतो. मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंनी एकेक गोल फेरी मारून पाहा आणि चाकामागचा रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले आहे का, तेही टॉर्चने तपासा. बूट शाबूत असेल आणि कटकट नसेल, तर अ‍ॅक्सलला हात लावण्याचे कारण उरत नाही.

आपण सांगितलेल्या लक्षणांवरून माझा संशय उजव्या बाजूच्या पुढच्या व्हील बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर सहज फिरते त्या गोळ्यांच्या कड्यावर, आहे. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर सरकतो आणि झिजलेले बेअरिंग त्या भाराखाली बोलू लागते. उजवीकडे वळताना तोच भार हलका होतो आणि आवाज बसतो. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड अडकवून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून उजवे पुढचे चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. नंतर एका हाताने चाक फिरवताना दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर हलकेच टेकवून ठेवा. बेअरिंग खराब असेल, तर कानाला काही ऐकू आले नाही तरी स्प्रिंगमधून खरखरीत थरथर बोटांना लागते. चांगल्या बाजूला हीच चाचणी घेतली की फरक चटकन कळतो.

त्र्यंबक रोडवासी
वरील उत्तर योग्यच आहे. माझी भर इतकीच, की चाक उचललेले असतानाच ब्रेक डिस्कच्या मागचा पातळ पत्रा, म्हणजे डस्ट कव्हर, अवश्य पाहावे. पावसाळ्यात रस्त्यावर आलेली खडी त्या पत्र्यात अडकते किंवा पत्रा वाकून डिस्कला टेकतो आणि वळताना अगदी भीतिदायक करकर होते. डिस्कवर ताजी, चमकदार गोल रेघ दिसली की कारण बहुधा तेच असते. डिस्क थंड झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा जरासा मागे रेटला की काम संपते. ब्रेक पॅडची जाडीही त्याच वेळी पाहून घ्यावी. गाडी उभी असताना नुसते स्टेअरिंग वळवल्यावर आवाज आला असता, तर मी स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जोडभागाच्या) वरच्या माउंटकडे बोट दाखवले असते. पण इथे ते लागू दिसत नाही.

इंदिरानगरकर
दोघांचेही आभार. दोन्ही बूट शाबूत आहेत, गोल फेरीत कटकट झाली नाही आणि पत्रा डिस्कपासून सुटा आहे. पॅडही पुरेसे जाड आहेत. मात्र उजव्या बाजूच्या स्प्रिंगला बोटे लावल्यावर वाळूवर काही फिरत असल्यासारखी थरथर स्पष्ट लागली. डावीकडचे चाक गुळगुळीत फिरले. चाक वरखाली धरून हलवले, तेव्हा ढिलाई आढळली नाही. तरीही बेअरिंग बदलावे का? आणि टायरमुळे असा आवाज येत नसेल ना?

अंबडचा फिटर
ढिलाई शेवटी येते, घरघर आधी. त्यामुळे ढिलाई नाही म्हणून बेअरिंग ठीक आहे असे समजू नका. टायर खवल्यांसारखा झिजला असेल, तर त्याचाही आवाज थेट बेअरिंगसारखा असतो, परंतु तो डांबरी आणि काँक्रीट रस्त्यावर बदलतो आणि पुढची चाके मागे लावली की जागा सोडतो. टायरमुळे हाताने फिरवताना स्प्रिंगला थरथर येत नाही, म्हणून आपल्या बाबतीत तो प्रश्न मिटला. बेअरिंग बदला, आणि ते होईपर्यंत घाटात किंवा महामार्गावर जाऊ नका.

काम देताना काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. या श्रेणीच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग स्टेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या ओतीव लोखंडी भागात, घट्ट बसवलेले असते आणि ते हायड्रॉलिक प्रेसवरच काढावे-घालावे लागते. हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका. नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, घालताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. हे उलटे झाले, तर दाब गोळ्यांवरून जातो, गोळ्या ज्यावर फिरतात त्या पट्टीवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग थोड्याच काळात पुन्हा घरघरू लागते. आपल्या गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल, तर बेअरिंगच्या एका बाजूला काळसर चुंबकीय पट्टी असू शकते; ती सेन्सरच्या बाजूलाच आली पाहिजे, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. जुना हब निघताना बेअरिंगचे आतले कडे त्याच्यावरच अडकून राहते. ते कापताना हबच्या दांड्याला ओरखडा पडला, तर हबही नवा घ्यावा. अ‍ॅक्सलचा मोठा नट ठोकून लॉक केलेला असेल, तर नवाच लावावा आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यापर्यंत कसावा. तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने नको.

डावीकडचे बेअरिंग सोबत बदलण्याचा आग्रह झाला, तर ते चांगले असल्यामुळे नकार देण्यास हरकत नाही. स्ट्रटचे बोल्ट सोडावे लागले असतील, तर अलाइनमेंट मात्र करून घ्यावी.