मदत हवी आहे: आधी इन्स्ट्रुमेंट रेटिंग की नवं पॅनेल?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आम्ही तिघांनी भागीत १९७५ चं सेसना १७२ हे छोटं विमान घेतलंय. माझं लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याचा परवाना) नाही, त्यामुळे ढग दिसले की मागे फिरायचं.

गेल्या महिन्यात लँकॅस्टरहून परतताना सहज सक्शन गेजकडे लक्ष गेलं. एरवी पाचच्या आसपास असणारा काटा शून्यावर! जायरोची उपकरणं हवा ओढून फिरवणारा व्हॅक्यूम पंप गेला होता. गंमत म्हणजे कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारी डायल) लगेच कोलमडलं नाही. आतला जायरो मंदावत गेला आणि ते इतकं हळूहळू कललं, की मी नकळत विमान उलट बाजूला वळवायला लागलो होतो. लख्ख ऊन होतं, बाहेरचं खरं क्षितिज दिसत होतं, म्हणून निभावलं. डब्यातल्या पराठ्यांची फॉइल दुमडून त्या डायलवर खोचली, तेव्हा कुठे तिकडे बघायचं थांबलं.

आता एक भागीदार म्हणतो, जायरोच काढून पॅनेलवर दोन गार्मिन जी५ (इलेक्ट्रॉनिक स्क्रीन) बसवू, वीज गेली तरी त्यांना स्वतःची बॅटरी असते. मी म्हणतो, तेच पैसे रेटिंगला लावू. तिसऱ्याला काहीच नकोय (तो फक्त रविवारी उडवतो). दोन्ही यंदा परवडणार नाही. काय करावं?

शिवाय हिवाळा तोंडावर आलाय. हीटरची हवा एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातून येते, म्हणजे तिथे गळती झाली तर विषारी वायू थेट केबिनमध्ये, आणि त्या कार्बन मोनॉक्साइडसाठी आमच्याकडे फक्त ठिपक्याचं कार्ड आहे, तेही मुदत संपलेलं.

प्रतिसाद: कार्डाचं आधी बघा. ठिपका काळा पडला तरी तुमचं लक्ष गेलं पाहिजे ना! विषबाधेत डोकंच चालत नाही. आवाज करणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आजच मागवा, त्याला भागीदारांची बैठक कशाला? बाकी, रेटिंगचे ४० तास ज्या पॅनेलवर करणार, तेच पुढे वापरायचं असेल तर पॅनेल आधी ठरवा, नाहीतर सवयी दोनदा लावाव्या लागतात. खर्चाचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त प्रगत सिम्युलेटरवरचे २० तासांपर्यंत धरले जातात. तोवर इन्स्ट्रक्टरला बसवून, व्हॅक्यूमवरच्या दोन्ही डायल (कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारी) झाकून, नुसत्या टर्न कोऑर्डिनेटरवर (वळण दाखवणारं, विजेवर चालणारं उपकरण) तासभर उडवून बघा. घाम फुटतो.

धागाकर्ता: आभार, दादा. डिटेक्टर मागवला. पंपही बदलला. मेकॅनिकने जुना उघडून दाखवला, आत कार्बनच्या पात्यांचा नुसता भुगा. डायल झाकून उडवायला शनिवारची वेळ घेतलीय. पॅनेलवर मात्र अजून भांडण चालू आहे.