अनुभव धागा: गेम आणि सिनेमा, दोन्हींना एकच हेडफोन पुरतो का?

अर्धा कप
काल माळ्यावरून आकाशकंदील काढताना एक खोका हाताला लागला. आत राखाडी रंगाचा हेडफोन, माइकची दांडी अर्धी, फोमला हात लावला तर भुगा. गल्लीतल्या सायबर कॅफेवाल्या काकांनी दुकान गुंडाळताना आम्हा पोरांना सामान वाटलं होतं, त्यातला. काउंटर-स्ट्राइक १.६, डस्ट२ चा नकाशा, तासाचे वीस रुपये. त्या हेडफोनचा उजवा कान कायम बंद असायचा, त्यामुळे माझ्यापुरते सगळे शत्रू डावीकडून यायचे. "लेफ्ट लेफ्ट" ओरडून मी अख्खी टीम मारवायचो.

आता घरात बऱ्यापैकी पीसी आहे. मुलगा संध्याकाळी व्हॅलोरंट खेळतो, मी सगळे झोपले की सिनेमा लावतो. दोघांत एकच हेडफोन घ्यायचाय. खोक्यांवर ७.१, ५० एमएम, लाल-हिरवे दिवे असलं बरंच काही लिहिलेलं असतं. लिंका नकोत, वापरणाऱ्यांचे अनुभव हवेत. विषय भरकटला तरी चालेल.

पमामावशी
आमच्याकडे कान पूर्ण झाकणारा आहे. जेवायला हाका मारमारून माझा घसा बसला. आता वायफाय बंद करते. दोन मिनिटांत स्वतःहून पानावर हजर.

टिंगटाँग
मावशी _/\_

रात्रपाळी
७.१ बद्दल आधी, म्हणजे चहूबाजूंनी सात स्पीकर आणि एक बासचा, असा आवाज. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर (आवाज काढणारी चकती) असतो. बाकीचे "स्पीकर" सॉफ्टवेअर बनवतं. आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर, शिवाय कानाच्या पाळीवर आपटून त्याचा पोत बदलतो. त्याचं गणित करून दोन ड्रायव्हरमधून दिशेचा भास तयार करतात. त्याला एचआरटीएफ म्हणतात. फसवणूक नाही, फक्त त्यासाठी हेडसेटला वेगळे पैसे मोजायची गरज नाही. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट आहे (टास्कबारच्या स्पीकरवर राइट क्लिक करून बघा). डॉल्बी अ‍ॅटमॉसचं हेडफोनवालं अ‍ॅप विकत मिळतं.

महत्त्वाचं म्हणजे व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये स्वतःचा एचआरटीएफ आहे. तो चालू असेल तर विंडोज सॉनिक, डॉल्बी, हेडसेटचं ७.१ बटण सगळं बंद ठेवायचं. दोन्ही एकावर एक चढले की पावलं कुठून येतायत ते कळेनासं होतं. सिनेमा ५.१ किंवा अ‍ॅटमॉसचा असेल तर उलट, तेव्हा विंडोजचं चालू करा.

आणि प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, त्यामुळे मित्राला भारी वाटलेलं तुम्हाला वाटेलच असं नाही. मला डॉल्बीमध्ये समोरचा आवाज डोक्यात आल्यासारखा वाटतो, भावाला त्याच्याशिवाय चालत नाही.

शेवग्याची शेंग
चष्मा आहे का कोणाला? नसेल तर पुढे जा. असेल तर दुकानात निदान वीस मिनिटं घालून बसा, दुकानदार कितीही बघू देत. नव्या हेडफोनची पकड घट्ट असते, कडक पॅड काडी दाबतात आणि तासाभरात कानामागे ठणकतं. शिवाय काडीमुळे फट राहते आणि तिथून बास गळतो. मऊ कापडी, जाड पॅडवाले बरे. मी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला होता काही रात्री, थोडा सैलावला.

भरतीओहोटी
रत्नागिरीहून लिहितोय. इथे चामड्यासारख्या पॅडचं आयुष्य दोन पावसाळे. घाम, दमट हवा, डोक्याचं तेल. मग काळे पापुद्रे सुटतात आणि कानावर, गालावर, उशीवर सगळीकडे. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर साहेबांनी विचारलं, तोंडाला काय लागलंय. वेलूरचे (मखमली कापडाचे) पॅड टाकले, आता छान. पॅड सुटे मिळतात की नाही हे घेण्याआधी बघा, हा माझा एकमेव सल्ला.

लाइट कधी येते कधी जाते, त्यामुळे गेमबद्दल बोलण्याची आमची पात्रता नाही.

टिंगटाँग
@भरतीओहोटी साहेबांना काय सांगितलंत मग? काजळ?

भरतीओहोटी
फणसाचा चीक म्हणालो. ते नागपूरचे, मानले.

नेकरकाठी
मी जर्मनीत राहतो त्या हाइलब्रॉन गावात बायरडायनॅमिक ही हेडफोनची कंपनी आहे. १९२४ ची, मुळात बर्लिनची. इथल्या मराठी मंडळात ज्याच्या त्याच्या घरी त्यांचा एखादा तरी हेडफोन, आणि भारतात जाताना नातेवाइकांच्या यादीतही तोच :)

माझ्याकडे त्यांचा डीटी ७७० प्रो आहे, बंद पाठीचा, म्हणजे कपाची बाहेरची बाजू झाकलेली. सिनेमाला याचा बास पोटात जाणवतो आणि शेजारी झोपलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही. भावाकडे डीटी ९९० प्रो, उघड्या पाठीचा. गेममध्ये त्याचा विस्तार मोठा वाटतो, पावलं आणि काडतुसं स्पष्ट, पण वरचे सूर टोचतात. सिनेमातली काचफूट ऐकून मी कान झाकून घेतले होते.

एक सांभाळा. ७७० हा ३२, ८० आणि २५० ओहमचा (विजेला होणारा अडथळा) मिळतो. २५० वाला साध्या लॅपटॉपला लावला तर आवाज पुरा चढवूनही हळू वाटतो, त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. ओहम जास्त म्हणजे दर्जा जास्त, असं काही नाही. पीसीला थेट लावायचा तर ३२ किंवा ८०. आणि याला माइक नाही, मुलाला तो वेगळा घ्यावा लागेल.

मधली सुट्टी
धागा छान. कोणी २.१ स्पीकर सुचवेल का? हॉल १२ बाय १४ आहे.

टिंगटाँग
ब्लूटूथवाला घेऊ नका एवढंच. माझ्याकडे चांगला महागाचा आहे, फोनवर झकास. पीसीवर गेम लावला तर गोळी सुटल्यावर आवाज येतो, फोटो काढून झाल्यावर "हसा" म्हणणाऱ्या फोटोग्राफरसारखा. सिनेमात हे जाणवत नाही, कारण प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवून जुळवून घेतो. गेमला तशी सोय नाही, बटण दाबलं ते दाबलं.

दुसरी गंमत माइकची. डिस्कॉर्डवर (खेळताना गप्पा मारायचं अ‍ॅप) माइक चालू केला की हेडफोन फोन-कॉलच्या मोडमध्ये जातो आणि सगळा आवाज जुन्या लँडलाइनचा. लोक म्हणतात हेडफोन बिघडला. बिघडलेला नसतो, हेडफोनचा आवाज आणि माइक दोन्ही एकदम नेण्याइतकी जागा जुन्या ब्लूटूथमध्ये नाही. वायर नकोच असेल तर यूएसबीचा छोटा डाँगल येतो तो २.४ गिगाहर्ट्झवाला घ्या, त्यात हा त्रास नाही.

अर्धा कप
@नेकरकाठी, @रात्रपाळी भरपूर मिळालं, धन्यवाद. एक शंका. सिनेमात बोलणं पुटपुटल्यासारखं आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, असं का होतं? रात्रभर आवाज वर-खाली करत बसतो. हा हेडफोनचा दोष?

रात्रपाळी
हेडफोनचा नाही बहुतेक. ५.१ च्या सिनेमात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. दोन कानांत ते मिसळताना बाकीच्या गोंगाटाखाली दबतात. शिवाय थिएटरसाठी हळू आणि मोठ्या आवाजात मुद्दाम मोठं अंतर ठेवलेलं असतं. अ‍ॅप किंवा डिस्कमध्ये स्टीरिओ ट्रॅक निवडता येत असेल तर तो निवडा. व्हीएलसी प्लेअरमध्ये इफेक्ट्समध्ये कॉम्प्रेसर आहे, तो हे अंतर कमी करतो, चालू करा. काही पीसींवर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये "लाउडनेस इक्वलायझेशन" (सगळे आवाज सारख्या पातळीवर आणणारं) मिळतं, पीसीच्या साउंड ड्रायव्हर सॉफ्टवेअरवर अवलंबून. रात्रीसाठी उत्तम, गेममध्ये काही लोक पावलं ऐकायला हेच वापरतात. माझ्या मते त्याने लांबचं आणि जवळचं सारखंच वाटायला लागतं, म्हणून मी गेमला बंद ठेवतो.

पीसीच्या पुढच्या जॅकला लावल्यावर बारीक घूं किंवा चर्रर्र येत असेल तर मागच्या जॅकला लावून बघा. तरी येत असेल तर टाइप-सीचा छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारा तुकडा), शेपटीसारखा येतो तो, काही शेकड्यांत काम करतो.

सुपारी
माझा अनुभव जरा वेगळा. बाबांना एका कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. निवृत्तीनंतर त्यांना पीसीवर जुने सिनेमे बघायची गोडी लागली. हेडफोन लावला की म्हणायचे, अर्धी माणसं गप्पच बसतात. मला वाटायचं वयामुळे लक्ष लागत नसेल. नंतर कळलं की काही जुन्या सिनेमांच्या नव्या स्टीरिओ प्रतींमध्ये आवाज इकडे-तिकडे वाटलेले असतात, एक पात्र डाव्या बाजूला, दुसरं उजव्या. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ऑडिओखाली "मोनो ऑडिओ" म्हणून एक खटका आहे. तो चालू केला की दोन्ही बाजूंचं सगळं दोन्ही कानांत. आई स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, आज हे स्वतःशीच का हसतायत.

हेडफोन साधाच आहे, हलका, उघडा. दाराची बेल ऐकू येते हा त्यातला मोठा गुण. त्यांना गेमचं कौतुक नाही, पण भाचा त्याच पीसीवर खेळायला बसला की हा खटका बंद करावा लागतो, नाहीतर त्याला दिशा कळत नाही आणि घर डोक्यावर.

शेवग्याची शेंग
@सुपारी हे माहीतच नव्हतं. काकूंना दाखवते आज, त्यांनाही एकाच कानाने येतं.

पमामावशी
छान लिहिलंस ग सुपारी. बाबांना नमस्कार सांग.

जुना रेडिओ
वयाने इथे बहुधा मोठा असेन. माझ्या कानात कायमचा रातकिडा बसलाय, तरुणपणी कारखान्यात होतो, तेव्हा कोणी कान झाकत नसे. तेव्हा पोरांना सांगतो, हेडफोन कुठलाही घ्या, आवाज सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ७५. आवाज तीनच डेसिबलने चढला की वेळ निम्मी, म्हणजे ९० ला आठवड्याचे चारच तास उरतात. बाहेरचा गोंगाट येत असला की माणूस आपोआप आवाज वाढवतो, म्हणून रस्त्याकडेच्या घरात बंद पाठीचा बरा. आमचा नातू शांत बंगल्यात राहतो, त्याला उघडा घेऊन दिला, सेनहायजरचा एचडी ५६०एस. त्याची वायर सुटी होते आणि कान तापत नाहीत.

बोका आणि मी
वायर सुटी होते यावर लाख वेळा +१. आमच्या बोक्याने माझ्या हेडफोनची वायर मधोमध कुरतडली, आणि ती कायमची जोडलेली. कंपनीच्या सेवा केंद्राने पूर्ण नवा घ्या म्हणून सांगितलं. पुण्यात तापकीर गल्लीत एका काकांनी उघडला, डाग मारला, वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली आणि चहाच्या पैशांत परत दिला. अजून चालतोय.

टिंगटाँग
तापकीर गल्लीत गाडी कुठे लावलीत हे सांगा, तो खरा अनुभव.

बोका आणि मी
मंडईत. आता तर मेट्रो आहे, गाडी कशाला.

नेकरकाठी
बोका कुठला? फोटो टाका.

मधली सुट्टी
मुंबईत लॅमिंग्टन रोडला ऐकवून दाखवतात का कोणी? (स्पीकरचं कोणीच सांगितलं नाही.)

शेवग्याची शेंग
दाखवतात, गर्दी नसेल तर. दुपारी जा, ग्रँट रोडला उतरून. आपल्या फोनवरची ओळखीची गाणी न्या, त्यांचा डेमो सगळा धूमधडाक्याचा असतो, त्यावर काहीही भारी वाटतं. स्पीकरसाठी वेगळा धागा काढा ना, इथे कोण बघणार.

अर्धा कप
मुलाशी बोललो. त्याला माइक जोडलेलाच हवा, मला बंद पाठीचा हवा, बायकोला "त्या दिव्यांचा उजेड खोलीत नको." तेव्हा दिवे नसलेला, वायरचा, बंद, सुटे पॅड मिळणारा हेडसेट, असं ठरतंय. हायपरएक्स क्लाउड २ कोणी वापरलाय का? आमच्या पीसीला माइक आणि हेडफोनची दोन वेगळी भोकं आहेत, गुलाबी आणि हिरवं, चालेल ना?

रात्रपाळी
वापरलाय, दणकट आहे, माइक काढून ठेवता येतो म्हणजे सिनेमाच्या वेळी तोंडासमोर दांडी नाही. त्याच्या यूएसबीच्या डबीवर ७.१ चं बटण आहे, मुलगा खेळताना ते बंद. यूएसबी लावलात तर गुलाबी-हिरव्याचा प्रश्नच नाही. थेट जॅकला लावायचा असेल तर एकाचे दोन करणारा स्प्लिटर घ्या, पन्नास-शंभरला मिळतो. त्यावर माइक आणि हेडफोनची चित्रं असतात, हेडसेटची तीन काळ्या रेघांची पिन येते ती त्याच्या भोकात.

टिंगटाँग
आणि मावशींच्या घरी असेल तर वायफायचा पासवर्ड बदलून घ्या.

पमामावशी
राउटर माझ्या खोलीत आहे रे बाळा.