तीन कॅमेरे आणि लांब लेन्स

'सेव्हन सामुराई' या जपानी चित्रपटातल्या शेवटच्या पावसातल्या लढाईचं सगळं श्रेय काही जण संकलनाला, म्हणजे शॉट जोडण्याच्या कामाला, देतात. अर्धंच पटलं. जोडायला तसे तुकडे हाती होते, कारण दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने ती लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. त्याची वाटणी साधारण अशी: पहिला कॅमेरा नेहमीच्या जागी, दुसरा झटपट निर्णायक शॉटसाठी, तिसरा चक्क गनिमी काव्याने. त्यात टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी लेन्स. ती अंतर चेपते, म्हणून मागचा घोडा चिखलातल्या माणसाच्या अंगावरच आलाय असं वाटतं. पण फोकसची पट्टी अरुंद होते. घोडा थोडा पुढे सरकला की धूसर. पट्टी रुंद करायला लेन्सचं छिद्र बारीक करावं तर प्रकाश जास्त हवा, आणि पावसात तो आणायचा कुठून?

बघताना लांबी तपासा. 1954चा मूळ चित्रपट 207 मिनिटांचा आहे, परदेशात बरीच वर्षं कापलेल्या प्रती फिरत होत्या. आणि टीव्हीचं 'स्ट्रेच' बंद ठेवा. चौकट 1.37:1 (रुंदी : उंची) आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. ताणलंत तर त्यातला नट तोशिरो मिफुने उगाच जाडा दिसतो.