निर्गुडीचा अर्क, एलपीएस आणि तळाला बसलेला टीएनएफ

प्रश्न (सातपुडा_पायथा): राम राम मंडळी. शिरपूरकडची निर्गुडी आहे. पाला सावलीत वाळवून ७०% इथेनॉलमध्ये मुरवला, ४५ अंशांच्या आत आटवला. ०.५% सीएमसीत (अर्क तरंगत ठेवणारा सेल्युलोजचा डिंक) कालवून स्विस उंदरांना तोंडाने २०० आणि ४०० मिग्रॅ/किलो दिला. तासाभराने ई. कोलाय जंतूच्या आवरणातलं, दाह पेटवणारं एलपीएस, ५ मिग्रॅ/किलो, इंजेक्शनने पोटाच्या पोकळीत. सहाव्या तासाला रक्त. टीएनएफ-अल्फा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) सगळ्या गटांत तळाला, नुसत्या एलपीएसवाल्यांतसुद्धा! अर्क लागू पडला म्हणायचं का? मंजुरीतले १२ उंदीर उरलेत.

तापीकाठ: नाही म्हणता येणार. एलपीएसचाच गट वर गेला नाही, तर अर्काने उतरवलं काय? टीएनएफ ६०-९० मिनिटांत शिखर गाठतो आणि झपाट्याने ओसरतो. सहाव्या तासाला तुम्ही रिकामं ताट बघताय. आयएल-६ (दाहाचंच दुसरं प्रथिन) दोन ते चार तासांत बघा. ९० मिनिटांना रक्त घ्या. २५ ग्रॅमच्या उंदराचं १०० मायक्रोलिटर चालतं. मात्र वेळ बदलली की आयएईसीकडे (संस्थेची प्राणी-प्रयोग नीती समिती) दुरुस्ती टाका.

१२ उंदरांत अर्क घालूच नका. ४ सलाइन, ४ एलपीएस, ४ डेक्सामेथासोन (दाह उतरवणारं स्टेरॉइड, १ मिग्रॅ/किलो) अधिक एलपीएस. डेक्सानेही टीएनएफ उतरला नाही, तर घोळ मॉडेलात, म्हणजे एलपीएसने दाह घडवण्याच्या पद्धतीतच आहे.

काळी_माती: एलपीएस कशात ठेवलंय? पातळ द्रावण प्लास्टिकला चिकटतं, सुईतून डोस अर्धामुर्धा जातो. स्टॉक १ मिग्रॅ/मिली, काचेत. देण्याआधी ५-१० मिनिटं व्हॉर्टेक्स यंत्रावर घुसळा. काच ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत) एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएसच, जात नाही, २५० अंशांच्या कोरड्या भट्टीत ३० मिनिटं लागतात.

आणि भाऊ, मे महिन्यात कूलरवरचं प्राणिगृह असेल तर तापमान लिहून ठेवा. या डोसला २२ अंशांत उंदीर गार पडतो, तिशीत उलट ताप चढू शकतो. दोन्हींची सरासरी काढून उपयोग नाही.

पाला_पाचोळा: शीर्षकात ‘संसर्गावर गुणकारी’ लिहू नका. एलपीएसमध्ये जिवंत जंतू नसतात, म्हणून अर्क जंतू मारतो की नाही हे यातून कळत नाही. शिवाय आधी दिलेला डोस म्हणजे प्रतिबंध. मॉडेल बसलं की पुढच्या फेरीत एक गट एलपीएसनंतर तासाभराने अर्काचा ठेवा. अ‍ॅग्नुसाइड किंवा नेगुंडोसाइड (निर्गुडीतले ओळखीचे घटक) एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजा, नाहीतर पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला एकच धरला जाईल.

सातपुडा_पायथा: एलपीएस प्लास्टिकच्या ट्यूबमध्येच होतं, महिनाभर, ०.१ मिग्रॅ/मिली. आता नवी वायल उघडतो. दुरुस्तीचा अर्ज आजच टाकला.