शटडाउन अडकतं आणि सेव्ह केलेल्या फाईली गायब होतात: दोन्हींचा काही संबंध आहे का?

रिकामी_फाईल (प्रश्न)

उबंटू-कुळातलं डिस्ट्रो, कर्नल ६.८, रॅम १६ जीबी. रूट (मुख्य सिस्टम) एसएसडीवर, ईएक्सटी४. दुसरी १ टीबीची हार्डडिस्क एनटीएफएस, कारण विंडोजलाही तीच लागते. ती एफएसटॅबमधून (बूटच्या वेळी कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) /एमएनटी/डेटा वर माउंट होते, म्हणजे त्या डिरेक्टरीत जोडली जाते; ड्रायव्हर एनटीएफएस३, पर्याय डिफॉल्ट्स आणि नोफेल (डिस्क जोडली गेली नाही तरी बूट अडू नये म्हणून).

तक्रारी अशा:

१. संध्याकाळी बॅकअप घेऊन शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर "स्टॉप जॉब... यूझर मॅनेजर फॉर यूआयडी १०००" ही ओळ येते, पुढे २ मिनिटांचं घड्याळ. कधी ते संपून पुन्हा सुरू होतं. चार मिनिटांनी पॉवर बटण दाबून बंद करावं लागतं. दुपारी मध्येच बंद केलं तर मात्र पाच सेकंदांत बंद होतं.

२. बटण दाबून बंद केल्यावर पेनड्राइव्हवर घेतलेल्या बॅकअपमधल्या काही फाईली शून्य बाइटच्या निघतात.

३. सगळ्यात वाईट हे: कधीकधी डेटा डिस्कवर सेव्ह केलेली नवी फाईल दोन दिवसांनी पाहावी तर नाहीच. तेव्हा लिब्रेऑफिसने एररही दाखवलेली नसते.

डिस्क खराब आहे का? स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा आरोग्य-अहवाल) तपासलं: रीअलोकेटेड सेक्टर ०, पेंडिंग सेक्टर ०.

झटपट_उपाय

सोपं आहे. /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम.कॉन्फ उघडा, डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक=१०एस करा, रीबूट. ९० सेकंदांची कटकट संपली.

लॉगवाचक

वरचा उपाय करू नका. एक तर तो इथे लागूच पडत नाही. त्या ओळीत "यूझर मॅनेजर" आहे, म्हणजे यूझर@१०००.सर्व्हिस. तिच्या युनिट फाईलमध्ये टाइमआउटस्टॉपसेक=१२०एस असं स्वतंत्र लिहिलेलं असतं. सिस्टम.कॉन्फमधली डिफॉल्ट किंमत फक्त ज्यांनी स्वतःची दिलेली नाही त्यांनाच लागते. तुम्हाला २ मिनिटांचं घड्याळ दिसतंय ते त्यामुळेच. तेव्हा १० सेकंद केलेत तरी ही ओळ जागची हलणार नाही, उलट एखादा डेटाबेस नीट बंद होत असताना त्याच्या मानेवर सिगकिल (सक्तीने मारायचा संदेश) बसेल.

दुसरं, घड्याळ पुन्हा सुरू होतं यातच मेख आहे. सिस्टमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा मुख्य प्रोग्राम) आधी सिगटर्म म्हणजे बंद होण्याची विनंती पाठवतं आणि मुदत संपली की सिगकिल. सिगकिलनंतरही प्रक्रिया जिवंत राहिली तर पुन्हा तेवढीच मुदत थांबतं आणि मग नाद सोडतं. सिगकिललाही दाद न देणारी प्रक्रिया म्हणजे जवळपास नक्कीच डी अवस्थेतली, कर्नलमध्ये डिस्कच्या लिखाणाची वाट पाहत अडकलेली. तिला कुणीच मारू शकत नाही. लिखाण पूर्ण झालं तरच ती सुटते.

आता पुरावा काढा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देतोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा, रेघा आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा.)

जर्नलसीटीएल -बी -१ -ई

हा मागच्या बूटचा लॉग, शेवटापासून. "मागचा बूट नाही" असं म्हणालं तर /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी बनवा आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा. ती नसेल तर लॉग फक्त रॅममध्ये राहतो आणि बंद होताना जातो. लॉगमध्ये "अनमाउंटिंग", "सिगकिल" आणि "स्टेटस=३२" हे तीन शब्द शोधा.

दुसरी तपासणी शटडाउनच्या आधीची. बॅकअप सुरू करा आणि शेजारच्या खिडकीत हे चालू ठेवा:

वॉच -एन१ ग्रेप -ई डर्टी: -ई राइटबॅक: /प्रॉक/मेमइन्फो

"डर्टी" म्हणजे प्रोग्रामच्या लेखी लिहून झालेला, पण प्रत्यक्षात अजून रॅममध्येच असलेला डेटा. बॅकअप "झाला" दिसतो त्या क्षणी हा आकडा किती असतो ते सांगा. बॅकअपची स्क्रिप्ट असेल तर तीही टाका.

रिकामी_फाईल

बॅकअप संपल्यासारखा दिसतो तेव्हा डर्टी सुमारे २७,००,००० केबी. मग तो हळूहळू उतरतो, सेकंदाला ८ एमबीच्या आसपास.

लॉगमध्ये क्रमाने हे सापडलं:
– एमएनटी-डेटा.माउंट: माउंट प्रोसेस एक्झिटेड, स्टेटस=३२
– फेल्ड अनमाउंटिंग /एमएनटी/डेटा
– यूझर@१०००.सर्व्हिस: प्रोसेसेस स्टिल अराउंड आफ्टर सिगकिल

स्क्रिप्ट तीनच ओळींची आहे, पॅनेलवरच्या आयकॉनने चालते (डेटा डिस्कवर जा, कामे पेनड्राइव्हवर कॉपी करा, लिखाण पूर्ण होईपर्यंत थांबा):

सीडी /एमएनटी/डेटा
आरसिंक -ए कामे/ /मीडिया/.../बॅकअप/
सिंक

पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे. रोज ३-४ जीबी कॉपी होतं. खरं तर रोज बदलणाऱ्या फाईली ५० एमबीसुद्धा नसतील, ते का होतं तेही कळत नाही.

माउंटपॉइंट

तीनही तक्रारींचं मूळ एकच आहे, आणि हार्डडिस्क निर्दोष आहे.

कर्नल डीफॉल्टने उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा रॅममध्ये साठू देतं (व्हीएम.डर्टी_रेशो). १६ जीबीच्या मशिनवर १३-१४ जीबी मोकळी धरली तर हे अडीच-पावणेतीन जीबी होतात, तुमच्या आकड्याशी जुळतंच. पेनड्राइव्ह ८ एमबी प्रतिसेकंदाने लिहितो. २७०० भागिले ८ म्हणजे साधारण ३४० सेकंद, पावणेसहा मिनिटं. तुम्ही चौथ्या मिनिटाला बटण दाबता. शून्य बाइटच्या फाईलींचं कोडं इथेच सुटलं: नाव डिरेक्टरीत पोचलं, मजकूर रॅममध्येच राहिला.

आता डेटा डिस्क यात कशी ओढली गेली? स्क्रिप्टची पहिली ओळ सीडी. शेवटच्या "सिंक" ला तीच चालू डिरेक्टरी वारशाने मिळते. सिंक पेनड्राइव्हची वाट पाहत डी अवस्थेत बसतं, म्हणजे त्याचा एक पाय /एमएनटी/डेटा मध्ये रोवलेला. अनमाउंट करू पाहणाऱ्याला "टार्गेट बिझी" मिळतं, तुमच्या लॉगमधला स्टेटस ३२ तोच. डिस्क माउंट असतानाच वीज जाते आणि एनटीएफएसवर "डर्टी" खूण (डिस्क नीट बंद झाली नाही असं सांगणारी; रॅममधल्या डर्टीपेक्षा वेगळी) तशीच राहते.

पुढच्या बूटला एनटीएफएस३ ड्रायव्हर ती खूण बघतो आणि फोर्स पर्याय दिल्याशिवाय माउंट करायला नकार देतो. तुम्ही नोफेल दिलंय, म्हणून बूट गुपचूप पुढे जातं. /एमएनटी/डेटा ही डिरेक्टरी तर असतेच, फक्त आता ती एसएसडीवरची साधी रिकामी डिरेक्टरी असते. तिची मालकी तुमच्या यूझरकडे दिलेली असणार, माउंट करण्याआधी चाऊन (मालकी बदलणारी कमांड) चालवलं की असंच होतं. लिब्रेऑफिस तिथे आनंदाने सेव्ह करतं, एरर यायचं कारणच नाही. नंतर कधीतरी विंडोज सुरू होतं, डिस्क तपासून खूण पुसतं, डिस्क पुन्हा माउंट होते आणि त्या फाईलींवर झाकण बसतं.

झाकणाखाली बघायला:

सुडो एमकेडीर /एमएनटी/तळ
सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ
एलएस -एलए /एमएनटी/तळ/एमएनटी/डेटा

साध्या बाइंडमध्ये आतले इतर माउंट येत नाहीत, त्यामुळे खालची मूळ डिरेक्टरी उघडी दिसते. फाईली तिथे असतील. डेटा डिस्कवर त्याच नावाची फाईल असेल तर डोळे मिटून ओव्हरराइट करू नका, तारखा पाहा.

रिकामी_फाईल

सापडल्या! अकरा फाईली, सगळ्या शाबूत. आता हे पुन्हा होऊ नये म्हणून नेमकं काय बदलू?

माउंटपॉइंट

आधी डिस्क स्वच्छ करा. विंडोजमधून त्या ड्राइव्हवर सीएचकेडीएसके /एफ चालवा. लिनक्समधला एनटीएफएसफिक्स -डी ती खूण पुसतो, पण खऱ्या अर्थाने दुरुस्ती करत नाही. ज्वर न तपासता थर्मामीटर झटकण्यातला प्रकार. शिवाय विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ. ते चालू असेल तर विंडोज "बंद" होताना अर्धवट हायबरनेट होतं, आणि तेव्हा लिनक्समधून त्या डिस्कवर लिहिणं धोक्याचं असतं. कुणी जुना एनटीएफएस-३जी वापरत असेल तर अशा वेळी तो डिस्क रीड-ओन्ली माउंट करतो. "सेव्ह होत नाही" या तक्रारींमध्ये हे कारण फार वेळा निघतं. कोणता ड्रायव्हर चालू आहे ते फाइंडएमएनटी सांगतं: एफएसटाइपखाली फ्यूजब्लॉक दिसलं तर एनटीएफएस-३जी.

मग झाकणाचा बंदोबस्त. झाकणाखालच्या फाईली हलवून डिरेक्टरी रिकामी करा, डेटा डिस्क अनमाउंट करा, आणि:

सुडो सीएचअ‍ॅटर +आय /एमएनटी/डेटा

आता त्या डिरेक्टरीत रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या यूझरलाही) फाईल बनवता येणार नाही. डिस्क माउंट झाली की ही खूण आड येत नाही, कारण ती खालच्या ईएक्सटी४ वरच्या डिरेक्टरीला आहे. माउंट फसलं तर लिब्रेऑफिस लगेच एरर देईल, आपल्याला तेच हवंय. नोफेल राहू द्या. ते काढलंत तर डिस्क फसल्यावर थेट इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन पडाल.

स्क्रिप्ट अशी करा:

आरसिंक -आरटी --मॉडिफाय-विंडो=१ /एमएनटी/डेटा/कामे/ /मीडिया/.../बॅकअप/ && यूडिस्कसीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/डिस्क/बाय-लेबल/पेनड्राइव्हचं-लेबल && सिस्टमसीटीएल पॉवरऑफ

सीडी गेलं. सिंकही नको, अनमाउंट स्वतःच सगळं लिहून झाल्याशिवाय परत येत नाही. मध्ये काही फसलं तर && मुळे मशिन बंदच होणार नाही. डिस्कची एसडीबी-एसडीसी ही नावं बूटनुसार बदलतात म्हणून लेबल. फक्त एक: स्क्रिप्ट सुरू करण्याआधी ऑफिसच्या खिडक्या बंद करा, सिस्टमसीटीएल पॉवरऑफ "सेव्ह करू का?" असं विचारायला थांबेलच असं नाही.

आणि रोजच्या ३-४ जीबीचं उत्तर: एफएटी३२ वर फाईलच्या वेळेची नोंद २ सेकंदांच्या टप्प्याने होते. आरसिंकला मूळ फाईल आणि प्रत यांच्या वेळा एका सेकंदाने वेगळ्या दिसतात, म्हणून तो ती "बदललेली" धरतो. मॉडिफाय-विंडो=१ दिलं की एवढा फरक तो सोडून देतो. -ए काढून -आरटी दिलंय, कारण मालकी आणि परवानग्या ठेवायची सोय एफएटीमध्ये नाहीच.

लॉगवाचक

त्यात भर. डर्टीची मर्यादाच कमी करा, म्हणजे कॉपीची पट्टी खोटं बोलणार नाही. /ईटीसी/सिसीटीएल.डी/ मध्ये ९०-राइटबॅक.कॉन्फ:

व्हीएम.डर्टी_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = ६७१०८८६४

म्हणजे २५६ आणि ६४ एमबी. मग सुडो सिसीटीएल --सिस्टम. बाइट्स दिले की संबंधित रेशो आपोआप शून्य दिसतो, घाबरू नका. २५६ एमबी ८ च्या वेगाने अर्ध्या मिनिटात उतरतात.

इनोड_दोन

हे सरसकट करायला माझा विरोध. ही मर्यादा सगळ्या डिस्कना मिळून आहे, त्यामुळे एका भिकार पेनड्राइव्हपायी वेगवान एसएसडीवरची मोठी कामंही अडखळतात. त्यापेक्षा फक्त त्या डिव्हाइसला आवर घाला: /सिस/क्लास/बीडीआय/ खाली त्याच्या मेजर:मायनर क्रमांकाच्या डिरेक्टरीत मॅक्स_रेशो असतं. कर्नल ६.२ पासून तिथेच स्ट्रिक्ट_लिमिट आणि मॅक्स_बाइट्सही आहेत. क्रमांक एलएसबीएलके दाखवतं. पेनड्राइव्ह काढून लावला की किंमती जातात, म्हणून यूडेव्ह नियम (डिव्हाइस लावलं की आपोआप चालणारा) लिहावा लागतो.

लॉगवाचक

मोठे कोड बिल्ड किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल तर मान्य. ऑफिसच्या फाईलींसाठी यूडेव्ह नियम लिहीत बसणं मला जास्तीचं वाटतं. एसएसडीला २५६ एमबी फार कमी वाटले तर १ जीबी ठेवा, पण मग पेनड्राइव्हला दोन मिनिटं लागतील हे धरून चाला.

रिकामी_फाईल

स्क्रिप्ट बदलली, सीएचअ‍ॅटरही केलं. पहिल्या दिवशी ४१ एमबी कॉपी झालं आणि अनमाउंट धरून ९ सेकंदांत मशिन बंद. शेवटचा प्रश्न: पुन्हा कधी अडकलंच, तर पॉवर बटणाऐवजी काय?

लॉगवाचक

पेनड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत असेल तर काहीच करू नका, थांबा. दिवा शांत आणि मशिन ढिम्म असेल तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुतेक कीबोर्डवर तीच प्रिंटस्क्रीन) दाबून धरा आणि एकेक करून एस, यू, ओ. एस म्हणजे सिंक, यू म्हणजे सगळं रीड-ओन्ली, ओ म्हणजे बंद. एस दाबल्यावर "इमर्जन्सी सिंक कम्प्लीट" यायची वाट पाहा, ते न येताच ओ दाबलंत तर बटण दाबल्यासारखंच झालं.

नेटवर आर-ई-आय-एस-यू-बी असा लांब मंत्र सापडेल. उबंटूत कर्नल.सिसआरक्यू ची किंमत १७६ असते, म्हणजे १६ + ३२ + १२८: सिंक, रीड-ओन्ली आणि रीबूट-पॉवरऑफ. प्रक्रिया मारणाऱ्या ई आणि आय यांना ६४ लागतो, तो त्यात नाही, म्हणून ती अक्षरं तिथे काहीच करत नाहीत. तुमची किंमत कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/सिसआरक्यू ने बघून घ्या. नुसता १६ आला तर एस चालेल, पण यू आणि ओ नाही; मग ९०-राइटबॅकच्या शेजारी अजून एक फाईल बनवून कर्नल.सिसआरक्यू = १७६ टाका.