डोमेन म्हणजे प्लॉट? आवरा आता!

गिरणगावकर: 'दादर, पालघर, देवगड, मिळेल त्या गावाचं डॉट कॉम घेऊन ठेवा, डोमेन म्हणजे उद्याचा प्लॉट.' सकाळची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. प्लॉटवर निदान भेंडी तरी लावता येते. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याचं दरवर्षी रिन्यूअल भरा नि गिऱ्हाइकाची वाट बघा. दादरला डेंटिस्ट हवा असेल तर माणूस गूगल मॅप्स उघडतो, दादर डॉट कॉम नाही.

ठाणेकर_नेट: पोस्ट माझीच. बार्सिलोना डॉट कॉमचं प्रकरण वाचलंय? तिथल्या पालिकेने नावावर दावा लावला, २००० साली वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, पॅनेलने नाव पालिकेला दिलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने ते फिरवलं. नुसतं शहराचं नाव हा ट्रेडमार्क नाही! आणि अँग्विला नावाचं चिमुकलं बेट? डॉट एआय हे शेपूट त्यांच्याच नावाचं. २०२३ मध्ये सरकारी उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा डॉट एआयमधून.

गिरणगावकर: म्हणजे माझीच बाजू मांडलीत. एआय खपतं ते चॅटबॉटवाल्यांमुळे. अँग्विला कुठल्या समुद्रात आहे हे घेणाऱ्याला माहीत तरी असतं का? तुवालू या बेटांच्या देशाच्या डॉट टीव्हीचंही तेच.

वडाळ्याची_सून: गावाच्या नावाला किंमत नाही कसं? आमच्यासमोरचा टॉवर ब्रोशरवर 'साऊथ मुंबई' आहे. खिडकीतून दिसते मोनोरेल.

भांडुपवाला: आमच्याकडे एजंट कांजूरलाही पवईच म्हणतात. रिक्षावाल्याला सांगून बघा, कुठे नेतो ते.

ठाणेकर_नेट: विषय डोमेनचा चाललाय. बिल्डरांची उणीदुणी दुसरीकडे काढा.

वडाळ्याची_सून: विषय तोच आहे, दादा. माझा भाऊ देवगडला बागायतदार. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याला वाटलं आपल्या वाडीच्या नावाने साइट काढू. नाव आधीच अंधेरीतल्या कुणीतरी अडवलेलं. पानावर एकच ओळ, 'विकणे आहे'. फोन केला तर तीन लाख! त्या माणसाने कलम कधी बघितलं असेल का?

ठाणेकर_नेट: हजाराच्या आत मिळत होतं. भावाने आधी का नाही घेतलं?

वडाळ्याची_सून: तेव्हा तो फवारणी करत होता. तुमच्यासारखा एसीत बसून लोकांच्या गावांची नावं गोळा करत नव्हता.

भांडुपवाला: मग पेट्या विकतो कशा?

वडाळ्याची_सून: व्हॉट्सॲपवर. अख्खं पार्ला मागवतं.

गिरणगावकर: झालं! डोमेनवाचून पेट्या खपतात.

ठाणेकर_नेट: बरं, जिंकलात. 'प्लॉट' शब्द मागे घेतो, सत्कार करा माझा. पण कोर्टाचा निकाल माझ्याच बाजूने आहे.

गिरणगावकर: निकाल राहू दे. तुमच्याकडची किती विकली गेली?

ठाणेकर_नेट: बोलणी चालू आहेत.

भांडुपवाला: आणि रिन्यूअल?

ठाणेकर_नेट: परवा.