मुखत्यार, मेहनताना आणि मोबदला

प्रश्न
वडील ऐंशीच्या पुढचे, पक्षाघातानंतर अंथरुणावर आहेत. बुद्धी मात्र शाबूत. त्यांनी ताईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलंय. ताई नोकरी सोडून त्यांचं सगळं करते. पेन्शनमधून तिने दरमहा काही घ्यावं, ही वडिलांचीच इच्छा. कागदावर शब्द कोणता लिहावा : पगार, मानधन, मेहनताना की मोबदला? आणि धाकटा म्हणतो, ‘कुलमुखत्यार’ म्हणजे कुळातला. ताई तर लग्न होऊन गेली. हे बरोबर आहे का?

प्रतिसाद
कुळाचा इथे काही संबंध नाही. हा ‘कुल’ फारसीमार्गे आलेला अरबी शब्द, अर्थ ‘सगळा’. जुन्या इनामपत्रांत ‘कुलबाब कुलकानू’ येतं, त्यातलाच. ‘मुखत्यार’ म्हणजे ‘मुख्तार’, निवडून अधिकार दिलेला. ‘अमुक गोष्ट माझ्या अखत्यारीत नाही’ मधला ‘अखत्यार’ त्याचाच भाऊबंद. सर्व कामांचा अधिकार तो कुलमुखत्यार, एखाद्याच कामापुरता तो खास मुखत्यार. मुलगी, जावई, शेजारी, कुणीही होऊ शकतं.

प्रतिसाद
‘पगार’ नको, त्यात मालक-नोकर येतात. ‘मानधन’ म्हणजे देणाऱ्याने आदराने दिलेलं, त्यात कामाचा दर ठरल्याचा अर्थ येत नाही. ‘मेहनताना’ चालेल, पण दस्तांत रुळलेला शब्द ‘मोबदला’. खरेदीखतात जमिनीची किंमतही मोबदलाच असते, म्हणून सुटा न लिहिता ‘शुश्रूषेचा मोबदला’ लिहा.

शब्दाहून महत्त्वाचं म्हणजे तो कोण लिहितं. वडिलांच्या वतीने ताईचीच सही आणि पैसे ताईलाच, असं होऊ देऊ नका. १८७२ च्या करार कायद्यात कलम २१५ आहे : मालकाची (म्हणजे मुखत्यारपत्र देणाऱ्याची, इथे वडिलांची) संमती न घेता, सगळी माहिती त्याच्यापुढे न ठेवता मुखत्याराने स्वतःशीच व्यवहार केला, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली किंवा मालकाचं नुकसान झालं, तर तो व्यवहार मालकाला नाकारता येतो. शिवाय बँकेची कामं ही मुखत्यारी, अंथरूण बदलणं, भरवणं ही शुश्रूषा. मुखत्यारपत्र शुश्रूषेबद्दल काही बोलत नाही. म्हणून वेगळा कागद, वडिलांच्या सहीचा किंवा अंगठ्याचा, दोन साक्षीदारांसह :

‘माझी मुलगी माझी शुश्रूषा करीत असल्याने तिला दरमहा रु. १२,००० मोबदला द्यावा, असे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे.’

‘अक्कलहुशारीने’ वगळू नका. कलम २०१ प्रमाणे मालकाची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्यारीही संपते, म्हणून हे आत्ताच करा. डॉक्टरांचा दाखलाही जोडा.

प्रतिसाद
मी सासूबाईंचं केलंय. ‘काळजीवाहू’ तेवढं लिहू नका, तो शब्द ‘काळजीवाहू सरकार’ने घेतलाय. आपण ‘त्यांचं कोण करतं?’ असं विचारतो, आणि त्या ‘करण्यात’ रात्री दोनदा कूस बदलून देण्यापासून सगळं येतं. ब्यूरोची आया आली तर तिच्या पैशांबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलीनेच घेतले तर मात्र कुजबुज. ताईने घ्यावेत, उघडपणे, बँकेतून, धाकट्याला सांगून. औषधं, डायपर यांचा खर्च मोबदल्यात मिसळू नका, ती ‘भरपाई’. त्याची वेगळी वही, पावत्यांसकट.

प्रश्नकर्ता
आभार. वडिलांच्या पश्चात राहिलेला मोबदला?

प्रतिसाद
मालक गेला की मुखत्यारी तिथेच संपते. त्यानंतर त्या अधिकारात खात्यातून एक रुपयाही काढायचा नाही. राहिलेली रक्कम ‘येणं’ म्हणून वारसांपुढे मांडायची. तेव्हा तोच कागद आणि तीच वही लागेल.